वाटूर फाट्यावर समुद्राचा रेडिओ

वाटूर फाट्यापासून समुद्र किती लांब आहे, हे मला नक्की माहीत नाही. आमच्यापैकी कुणी बघायला गेलेलं नाही. पण माझ्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानापुढं जे बाकडं आहे, त्यावर बसणाऱ्या कुणालाही विचारा, आज तिकडं भरती किती वाजता आहे, तर तो तोंडातली सुपारी एका गालात सारून सांगेल. वारा कुठला सुटलाय, होड्या आत गेल्यात का परत आल्यात, बांगडा आला का नाही, सगळं पाठ. याच माणसाला स्वतःच्या विहिरीत पाणी किती आहे विचारलं, तर म्हणतो, “बघावं लागंल.”

याला कारण माझी धाकटी बहीण. ती कोकणातल्या समुद्रकाठच्या एका शहरात राहते आणि तिथल्या छोट्या रेडिओवर बोलते. हा रेडिओ सरकारी नाही, कुठल्या मोठ्या कंपनीचाही नाही. तिथल्याच हौशी लोकांनी एका जुन्या इमारतीच्या माडीवर तो थाटला आहे. मोबाइलच्या ॲपवर तो कुठूनही ऐकता येतो, म्हणून आमच्यापर्यंत पोचतो. शहराचं नाव मी लिहीत नाही. तिथले लोक लेखी तक्रार करण्यात फार तरबेज आहेत, हे मी त्यांच्याच रेडिओवर ऐकलं आहे.

बहीण तिथं शाळेत नोकरीला गेली होती. वर्षभरात तिनं तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. मुलगा सज्जन, शिकलेला, घरच्या दोन होड्या. लग्न झाल्यावर तिनं फोन करून कळवलं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

आमचे वडील, म्हणजे आबा, भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडण मिटवायला गावात चार माणसं टपलेलीच असतात. त्यांनी फक्त तिच्याशी बोलणं सोडलं. तिचा विषय निघालाच तर “तिकडचं काय ते तिकडं” म्हणायचे आणि चपला शोधायला लागायचे. चारचौघांत सांगायचं कारण होतं, “मासे खाणारं घर हाय.” आता आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. जत्रेला आमच्याकडं बोकड पडतो आणि पातेलं खरवडल्याशिवाय कुणी पंगतीतून हलत नाही. पण मासा म्हटलं की आमचा धर्म एकदम खडबडून जागा होतो. खरं कारण मासा नव्हतंच. तिनं विचारलं नाही, हे कारण होतं.

आमच्यात लग्न झालेली लेक आपली आपण माहेरी येत नाही. तिला आणायला बाप नाहीतर भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. बापानं सांगितल्याशिवाय भाऊ निघत नाही. आबांनी सांगितलं नाही, मी निघालो नाही. चार वर्षं झाली. मी भित्रा आहे हे इथंच लिहून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला शोधत बसायला नको. दर रविवारी ती आईला फोन करायची, आई गोठ्यामागं जाऊन चोरून बोलायची, आणि आईच्या त्या कुजबुजीतलं अक्षर न् अक्षर पलीकडच्या आळीपर्यंत जायचं. फोन ठेवताना बहिणीचा एकच प्रश्न असायचा, “आबा काही बोलले का?” तिला त्यांचा एक शब्द हवा होता. शिवी दिली असती तरी चाललं असतं. आई म्हणायची, “बोलतील, बोलतील,” आणि पदरानं डोळे पुसून गाईला उगाच एक पेंढी जास्त टाकायची. गाय तेवढी खूश होती.

मग बहीण रेडिओवर बोलायला लागली, आणि आईला तिचा आवाज ऐकायची नवी वाट सापडली. माझ्या दुकानात भिंतीला खिळ्यावर टांगलेला एक छोटा स्पीकर आहे. दुपारी डबा घेऊन आली की आई म्हणायची, “लाव रे तिचं.” पहिल्या दिवशी आबा बाकड्यावर होते. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, “बंद कर ते.” मी मुकाट्यानं बंद केलं. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आबा वायंडिंगच्या तारेकडं बघत म्हणाले, “कालचं ते आज लावलं न्हाई का?”

“कोणतं?”

“ते वाऱ्याचं सांगत्यात ते. हवामान कळतं त्याच्यानं.”

कोकणातल्या वाऱ्यावरून वाटूरच्या कपाशीवर फवारणी कधी करायची हे ठरवणारा शेतकरी उभ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो माझा बाप आहे. त्या हंगामात ते दोनदा अंदाज चुकून भिजले, पण रेडिओला त्यांनी दोष दिला नाही. म्हणाले, “तिकडं बराबर पडला आसंल.”

आता त्या रेडिओविषयी. आठवडाभर ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, की त्या शहराची संस्कृती नावाची एक वस्तू आहे आणि ती कायम धोक्यात असते. सकाळी ती पर्यटकांमुळं धोक्यात येते, दुपारी नव्या पुलामुळं, संध्याकाळी भेळेच्या गाड्यांमुळं. तिला वाचवायला रोज एक तज्ज्ञ येतात. एक डॉक्टरही येतात, ते गुडघेदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळ्यावर पाणी भरपूर प्या म्हणून सांगतात. चहूबाजूंनी पाणी असलेल्या गावाला हे वेगळं सांगावं लागतं, याचं आमच्या बाकड्याला फार नवल वाटायचं. एकदा शेजारच्या नारळाची झावळी आपल्या अंगणात पडली तर ती कुणाची, यावर पाऊण तास चर्चा झाली. आमच्याकडं बांधावरून डोकी फुटतात. तिकडं झावळीवरून “माझ्या विद्वान मित्रानं कृपया समजून घ्यावं” असं म्हणतात. आबांना हे फार आवडलं. पुढचे काही दिवस ते हॉटेलवाल्याशीसुद्धा “माझ्या विद्वान मित्रा, जरा साखर कमी टाक” असं बोलत होते.

पण हसत असलो तरी मनातून मला हेवाच वाटायचा. आमच्या जिल्ह्यातही पॉडकास्ट निघतात, नाही असं नाही. गेल्या दोन वर्षांत ज्याच्याकडं दोन माइक आणि एक प्लास्टिकचं झाड आहे त्या प्रत्येकानं पॉडकास्ट काढला. एमआयडीसीतला एक कारखानदार दुसऱ्या कारखानदाराला बोलावतो आणि विचारतो, “तुमचा प्रवास कसा होता?” मग दुसरा पहिल्याला बोलावतो आणि तेच विचारतो. गुलाल उधळायच्या तयारीतला युवा नेता तर स्वतःच प्रश्न विचारतो आणि स्वतःच भावूक होतो. मी तासन्‌तास ऐकलं, पण त्यात मला फाट्यावर उसाचा रस काढणारी बाई कधी ऐकू आली नाही, पहाटे सळईच्या कारखान्याकडं टेम्पोत उभ्यानं जाणारी माणसं ऐकू आली नाहीत, की आमच्या बोलीतलं एक धड वाक्य. त्या समुद्रकाठच्या रेडिओवर निदान कोळणी भांडायच्या, आणि त्या भांडताना कुणी मधे जाहिरात लावत नसे.

बहीण रोज वारा-भरती सांगायची, पण तिचा स्वतःचा कार्यक्रम गुरुवारी दुपारी चारला. त्यात ती शहरातला एक आवाज ऐकवायची आणि तो कशाचा हे लोकांनी ओळखायचं. फोन करायचा, नाहीतर आवाजी निरोप पाठवायचा. बक्षीस म्हणून सुक्या मासळीचं पाकीट, ते रेडिओच्या माडीवर स्वतः येऊन न्यायचं. हा कार्यक्रम आमच्या बाकड्याचं व्यसन झाला. बाकड्यावर मुख्य माणसं दोन, आबा आणि त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, निवृत्त गुरुजी. गुरुजींकडं मोठा मोबाइल होता आणि चूक उत्तर ठामपणे द्यायची आयुष्यभराची सवय.

पहिल्याच गुरुवारी स्पीकरमधून घरघर आली, साखळी ओढल्यासारखी, मधेच कचकन थांबणारी. आबा जोरात म्हणाले, “यारी हाय!” यारी म्हणजे विहीर खोदताना दगड-माती वर काढायचं आमच्याकडचं यंत्र. वाटूरच्या पंचक्रोशीत तो आवाज न ओळखणारा माणूस नाही. गुरुजींनी मोबाइल तोंडाशी धरला आणि निरोप पाठवला, “मी वाटूर श्रोता मंडळाच्या वतीनं बोलतो, तालुका परतूर, जिल्हा जालना. ही यारी आहे.” हे मंडळ त्याच क्षणी स्थापन झालं, आणि अजून त्याची दुसरी बैठक झालेली नाही.

थोड्या वेळानं बहिणीचा आवाज आला. “जालना जिल्ह्यातून श्रोते सांगताहेत, ही यारी आहे.” ती थांबली. मला ती थांबलेली ऐकू आली. “नाही हो, यारी नाही. ट्रॉलरवर जाळं ओढून घेतात, ते यंत्र आहे.”

“ऐकलं का?” आबा गुरुजींना म्हणाले. “न्हाई हो म्हणली.”

“चूक म्हणाली ती आपल्याला.”

“चूक म्हणली, पन ‘हो’ लावून म्हणली.”

पुढच्या गुरुवारपासून आबा तीन वाजताच दाढी करून यायला लागले. रेडिओ ऐकायला दाढी कशाला, हे विचारायची माझी टाप नव्हती. बर्फ फोडायच्या यंत्राला त्यांनी मळणी यंत्र ठरवलं. मासळीच्या लिलावाला गुरुजींनी राजूरच्या गणपतीची अंगारकीची गर्दी ठरवलं, आणि त्या गर्दीत आपला खिसा कापला गेल्याची जुनी हकीकतही निरोपात जोडली. बंदरातल्या भोंग्याला आबा म्हणाले, “एमआयडीसीतली पाळी सुटली.” बहीण दर वेळी प्रेमानं चूक ठरवायची. आणि उत्तर चुकलं की आबांचा चेहरा उजळायचा, कारण बरोबर आलं असतं तर ती नुसतं अभिनंदन करून मोकळी झाली असती. चुकल्यावर समजावून सांगावं लागतं, त्यात दोन मिनिटं जातात.

उत्तरं आबांची, आवाज गुरुजींचा. स्वतः मोबाइलला आबांनी हात लावला नाही. एकदा गुरुजी वैतागून म्हणाले, “अरे, तूच बोल की. लेक तुझी, यारी तुझी, मी कशाला फुकट फौजदार?”

“मला काय बोलायचंय तिकडं?” आबा म्हणाले आणि चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

मी बहिणीला फोनवर विचारलं, तुला माहीत आहे का उत्तरं कोण देतं? ती म्हणाली, “दादा, बर्फाच्या यंत्राला मळणी यंत्र म्हणणारा माणूस मला दुसरा माहीत आहे का?” आणि मग म्हणाली, “ते गुरुजींच्या मागून खोकतात. मी तो खोकला कापून वेगळा ठेवलाय.” मी मोटारीचं काम करतो, जळकी तार सोलताना डोळ्यांत पाणी येतंच, त्यामुळं त्या दिवशी कुणाला काही कळलं नाही.

मग तो गुरुवार आला. बहीण म्हणाली, “आजचा आवाज ध्वनिमुद्रित नाही. आज तो मीच काढणार आहे.” आणि तिनं जीभ टाळ्याला लावून टक टक केलं, मग घशातून एक लांब, कापरी हाक मारली.

आबांच्या हातातली बशी तशीच राहिली. मी शाळेत होतो तेव्हा त्यांनी कळप विकला. तोवर रोज दिवस कलला की माळावर ते ही हाक मारायचे आणि पांगलेली मेंढरं गोळा व्हायची. बहीण तेव्हा त्यांच्या खांद्यावर बसलेली असायची. गुरुजी मोबाइल काढून तयार होते, पण आबा स्पीकरकडंच बघत होते.

तिकडं शहराची उत्तरं सुरू झाली. एक बाई म्हणाली, पिंडाला कावळा शिवत नसला की असं बोलावतात. एक जण म्हणाला, ही आमच्या वाहतूक पोलिसाची शिट्टी. आणि मग एक ज्येष्ठ तज्ज्ञ आले, संस्कृती वाचवणारे. ते म्हणाले, “ही आपल्या किनाऱ्यावरची अत्यंत प्राचीन सागरगायनाची परंपरा आहे. आज ती लुप्त होत चालली आहे. माझ्या संग्रही तिचे काही दुर्मिळ नमुने आहेत. या वारशाचं तातडीनं संवर्धन झालं पाहिजे.”

“आरं ये!” आबा उठलेच. “आमच्या मेंढराची हाक हाय ती! हा बाबा पळवून राह्यला तिला! दे जल्दी तो फोन.”

गुरुजींनी नंबर लावून दिला. ॲपवरचा रेडिओ खऱ्या बोलण्यापेक्षा दोन-तीन मिनिटं मागं चालतो, त्यामुळं आबांच्या कानाला मोबाइल लागला तेव्हा आमच्या स्पीकरवर तज्ज्ञ अजून संवर्धनच करत होते. दोन आवाजांचा घोळ होऊ नये म्हणून आबा दुकानातून उतरून रस्त्याच्या कडेला गेले. ती काय बोलतेय हे आम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं. आबांचं ऐकू येत होतं, कारण ते फोनवर नेहमी पलीकडचा माणूस परगावी आहे हे ध्यानात ठेवून बोलतात.

“हां, हॅलो. मी वाटूरहून बोलून राह्यलो.”

मग बराच वेळ काही नाही. आई दारात येऊन उभी राहिली.

“ते सायब बोलले ते बिलकुल चूक हाय. ती मेंढराची हाक हाय. पन तुम्ही बराबर मारली न्हाई.”

तुम्ही. जिला खांद्यावर बसवून माळ हिंडवला, तिला माझा बाप तुम्ही म्हणत होता. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

“शेवटाला आवाज वर न्यावा लागतो. तुम्ही खाली सोडला. खाली सोडला तर मेंढरू हाय तिथंच उभं राहतं, वापस येत न्हाई.” ते थांबले. “आता? हितं? फाट्यावर?”

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. डोळे मिटले. आणि वाटूर फाट्यावर, दिवसाढवळ्या, एसटीची वाट बघणाऱ्या माणसांसमोर माझ्या वडिलांनी हाक मारली. शेवटाला आवाज असा वर गेला की रसवंतीवाली बाई चरक थांबवून बघायला लागली. रस्त्यापलीकडं कुणाच्या तरी चार शेळ्या होत्या, त्यांनी माना वर केल्या.

तेवढ्यात जालन्याकडून सळया भरलेला ट्रक आला, खडखडाट करत, हॉर्न दाबून धरलेला. आबांचे ओठ हलले, एवढंच दिसलं. ट्रक गेला तोवर ते फोन बंद करून परत येत होते.

“काय म्हणाली?” गुरुजींनी विचारलं.

“काय न्हाई,” आबा बाकड्यावर बसत म्हणाले. “उत्तर बराबर हाय म्हणली. सुके मासे देती म्हणली.”

गुरुजी हसले. आई हसली नाही. चार वर्षांनी बाप लेकीशी बोलला आणि बोलणं माशांवर संपलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आबा खाली बघून बशीतला गार झालेला चहा पिऊ लागले. रेडिओ दोन-तीन मिनिटं मागं असतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

स्पीकरमधून आबांचा आवाज यायला लागला. वाटूरहून बोलून राह्यलो. मग ती लांबलेली शांतता, आणि त्या शांततेत बहिणीचा एक श्वास. मग सायब चूक, मेंढरू, शेवटाला वर. आबांची मान वर झाली. “बंद कर ते,” ते म्हणाले. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही. हाक झाली, ती दुकानाच्या पत्र्यावर आपटून परत आली. मग बहीण बोलली. एरवी त्या रेडिओवर सफाईनं बोलणारी माझी बहीण, तिला कोकणातलंही बोलणं यायला लागलं होतं, ती आमच्या गावचं बोलली.

“चार वर्षं झाली आबा, मेंढरू तिथंच उभं हाय. कुणी हाकच मारली न्हाई.”

आणि ट्रकच्या खडखडाटातून, हॉर्नच्या मागून, सगळ्या शहराला आणि सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असा माझ्या बापाचा आवाज आला,

“आता मारली ना. ये मंग.”